वहिनींचा गुलदस्ता

आमच्या मोठ्या जाऊबाई, मी त्यांना वहिनी म्हणते, शाळेतून निवृत्त झाल्या, त्या दिवशी मिळालेला गुलदस्ता एवढा मोठा होता की ई-रिक्शात आम्हा दोघींच्या मध्ये त्याला जागा करून द्यावी लागली. एप्रिल संपत आला होता. दुपार कलली तरी ग्वाल्हेरच्या फूलबागेच्या रस्त्यावर गरम वाऱ्याची लू वाहत होती. वहिनींनी उन्हासाठी डोक्यावरून घेतलेला पदर काढला आणि फुलांवर धरला. रिक्शावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "मैडम, रिटायर हो गईं क्या?" वहिनी म्हणाल्या, "हाँ भैया, आज ही." शाळेत सगळ्यांसमोर भाषण करताना त्यांचा आवाज जराही हलला नव्हता. एवढंसं बोलताना मात्र त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

मुलींच्या शाळेत त्या गृहविज्ञान शिकवायच्या. निरोपाच्या कार्यक्रमाला घरातलं कुणीतरी हवं म्हणून मी गेले होते. माझे मोठे दीर काही वर्षांपूर्वी गेले, आणि वहिनींचा एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीला. तो आणि सूनबाई दोघंही कामावर जातात, नातू लहान, तेव्हा निवृत्त झाल्या की वहिनींनी पुण्यालाच यायचं हे केव्हाच ठरलेलं होतं. फक्त ते इतक्या लगेच असेल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सकाळची गाडी होती.

"हा पुण्यापर्यंत टिकायचा नाही," वहिनी रिक्शात म्हणाल्या. "तूच सांभाळ."

मी हो म्हटलं. बोळाच्या तोंडाशी उतरलो तेव्हा गुलदस्ता माझ्या हातात होता, आणि आमच्या खासगी बाजार मोहल्ल्यातले ओळखीचे दुकानदार निवृत्त मीच झाले असं समजून माझ्याकडे बघून हसत होते.

घरी येऊन तो न्हाणीघरात बादलीत उभा करून ठेवला. मग रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत आम्ही दोघी वरच्या मजल्यावर सामान बांधत राहिलो. वर त्या, खाली आम्ही, मध्ये जिना; अशी पंचवीस-तीस वर्षं गेली. त्या मजल्यावर आता भाडेकरू यायचे होते.

मी सागरहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वहिनींची भीती वाटायची. त्या इंदूरच्या, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या. सकाळी सातला कडक इस्त्रीची साडी नेसून बाहेर पडायच्या. सासूबाई असेपर्यंत स्वयंपाकघर एकच होतं, आणि एका स्वयंपाकघरात दोन जावांचं जे होतं ते आमचंही झालं. भांडण कधी नाही, पण बोलणंही बेताचंच. सासूबाईंच्या पश्चात चुली वेगळ्या झाल्या आणि नवल म्हणजे त्यानंतर आमचं जमलं. त्या शाळेतून आल्या की हातपाय धुऊन खाली यायच्या, मी चहा टाकायची आणि आम्ही जिन्यातच बसायचो. उन्हाळ्यात घरातली तेवढीच जागा गार. तिथं बसून आम्ही काय बोललो ते आज विचाराल तर मला सांगता यायचं नाही. भाजी, शाळेतल्या मुली, कुणाच्या लग्नात कुणी काय नेसलं होतं, असलंच.

एक दिवस मात्र लख्ख आठवतो. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, त्या वेळचा. मी दवाखान्यातून घरी आले होते. लोक येऊन काय काय सांगून जात होते. वहिनींनी शाळेतून रजा घेतली, माझ्या खोलीचं दार लोटून घेतलं, आणि तेलाची वाटी घेऊन माझ्या मागे बसल्या. केसांचा पार गुंता झाला होता. त्यांनी एकेक बट सोडवली, तेल लावलं, वेणी घातली. तासभर तरी लागला असेल. एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या आणि तसंच केलं. पुढं मला मुलगी झाली, ती मोठी झाली, आता कॉलेजात आहे. पण तो हात मला अजून डोक्यावर जाणवतो.

सकाळी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. वहिनींचा मुलगा आदल्या रात्रीच न्यायला आलेला होता. वहिनींनी ह्यांना पाण्याच्या मोटारीचं काहीतरी समजावलं, माझ्या मुलीच्या हातात पाकीट दिलं. माझ्याशी बोलायची वेळ आली तेव्हा गाडी सुटायला आली होती. डब्याच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "आधी त्याची पन्नी काढ. फुलं गुदमरतील."

मी मान हलवली. गाडी गेली.

घरी आल्यावर मी खरोखर तेच केलं. चप्पल काढली आणि न्हाणीघरात जाऊन कात्रीनं ती चकचकीत प्लास्टिकची पन्नी कापली. लाल रिबीन, सोनेरी जाळी, पुठ्ठा, सगळं सुटं केलं. आत हिरव्या ओल्या स्पंजात फुलं खोचलेली होती. लाल गुलाब, केशरी-पिवळे जरबेरा, गुलाबी कार्नेशन, ग्लॅडिओलसचे उंच दांडे आणि आम्ही ज्याला रजनीगंधाच म्हणतो तो निशिगंध. जरबेराचे देठ वाकू नयेत म्हणून त्यांना बारीक तार गुंडाळली होती. ती सोडवताना माझ्या लक्षात आलं की असली फुलं मी आयुष्यात पहिल्यांदाच हाताळत होते. आमच्या घरात फुलं यायची ती देवासाठी, नाहीतर केसांत माळायला. देवाची फुलं दुसऱ्या दिवशी तुळशीच्या कुंडीत जायची. नुसती बघायला म्हणून फुलं कधी आली नव्हती, म्हणून फुलदाणीही नव्हती. शेवटी लोणच्याची काचेची मोठी बरणी तीन-चारदा घासून घेतली आणि बाकीची फुलं स्टीलच्या जगमध्ये लावली.

संध्याकाळी गाडीतूनच वहिनींचा फोन आला. जेवलात का, कुठपर्यंत पोचलात, असं मी विचारत होते आणि त्या मला देठ कसे कापायचे ते सांगत होत्या. सरळ नाही, तिरके काप. पाण्यात बुडवून काप म्हणजे देठात हवा शिरत नाही. पाण्याखाली येतील ती सगळी पानं खुडून टाक, नाहीतर कुजतात आणि पाणी घाण होतं. पाणी रोज बदल. कूलरसमोर ठेवू नकोस, पंख्याखालीही नको. "आणि बोअरचं पाणी घालू नकोस, खारं असतं ते. माठातलं घाल."

हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "फुलांना माठाचं पाणी, आणि मी मागितलं की नळाचं पी म्हणते." फोनमधून वहिनींचं हसू ऐकू आलं. आम्हीही हसलो.

मे महिना लागला. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात माणसं कोमेजतात तिथं फुलांचं काय सांगावं. मी बरणी बैठकीतून आतल्या खोलीत नेली, आतल्या खोलीतून जिन्याखालच्या कोपऱ्यात. सकाळी नळ आले की माठ भरायचा, जुनं पाणी ओतून बरणी घासायची, देठ बोटभर वर कापायचे, नवं पाणी घालायचं. ग्लॅडिओलसच्या दांड्यावर कळ्या खालून वर एकेक करून उमलतात हे मला तेव्हाच कळलं. वहिनींनी सांगितलं होतं की खालचं फूल सुकलं की हलक्या हातानं काढून टाकायचं म्हणजे वरच्या कळीला जोर येतो. सुकलेलं फूल काढताना बोटांना जांभळा रंग लागायचा.

रोज दुपारी, पूर्वी त्या शाळेतून यायच्या त्याच सुमारास, वहिनी व्हिडिओ कॉल करायच्या. पहिला प्रश्न फुलांचा. मी फोन हातात धरून त्यांना बरणी दाखवायची, मागची बाजूही दाखवायची. त्या डोळे बारीक करून बघायच्या. डावीकडच्या गुलाबाची मान झुकतेय म्हणाल्या. मला समोर असून दिसलं नव्हतं. तो गुलाब कागदात गुंडाळून देठासकट पाण्यात आडवा ठेवायला सांगितला. तासाभरानं बघते तर खरंच ताठ झाला होता. मी लगेच फोटो पाठवला. एकदा ह्यांनी आंब्यांची पेटी आणून जिन्याखालीच ठेवली, तर वहिनींनी फोनवर पाहिल्याबरोबर ती तिथून हलवायला लावली. पिकत्या फळांशेजारी फुलं लवकर जातात म्हणे. ह्यांनी निमूटपणे पेटी उचलून नेली. दिरांच्या माघारी ह्यांनी वहिनींचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्या गेल्यापासून हे घरी आले की जिन्याच्या पहिल्या पायरीवर पिशवी ठेवायचे आणि सवयीनं वर बघायचे. 

मुलीला माझी गंमत वाटायची. "आई, किती टाईम लावतेस तू, ये तो वैसे भी मरने वाले हैं," असं म्हणून ती कानात इअरफोनची बोंडं घालून निघून जायची. पण एकदा मी भाजी घेऊन आले, तर तिनं गपचूप बरणीत टाकलेले बर्फाचे दोन तुकडे अजून विरघळायचे होते.

फुलांचं बोलून झालं की वहिनी नातवाचं सांगायच्या. तो त्यांच्याकडे यायला लागला, त्यांच्या हातची खिचडी खायला लागला. सूनबाई चांगली आहे, मला काही करू देत नाही. फ्लॅट अकराव्या मजल्यावर, हवा छान. सगळं छानच असायचं. एकदाच काय ते बोलता बोलता त्यांनी सांगितलं की दुपारी घरात कुणी नव्हतं, नातू झोपलेला, म्हणून त्या चहाचा कप घेऊन बाहेरच्या जिन्यात जाऊन बसल्या. तिथं सगळे लिफ्टनं जातात, जिन्यात कुणी नसतंच. साफसफाईची बाई आली आणि घाबरून विचारू लागली, आजी, चक्कर आली का, कुणाला बोलावू का. वहिनींनी हे विनोद म्हणून सांगितलं होतं. मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र कितीतरी वेळ मला काही काम सुचलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सकाळी लाईट गेली ती दुपार उलटली तरी आली नाही. कूलर बंद, पंखे बंद, भिंती हात लावू देईनात. जेवणं उरकून मी जिन्याखाली गेले तर बहुतेक सगळी फुलं खाली बघत होती. जरबेराच्या माना अशा मोडल्या होत्या की कुणी मुद्दाम मुरगळल्यात असं वाटावं. रजनीगंधाच्या कडा करपल्या होत्या. मी होतं नव्हतं ते वर्तमानपत्र ओलं केलं, एकेक फूल गुंडाळलं आणि न्हाणीघरात टबात निजवलं. जमिनीवर बसून त्यांच्यावर तांब्यानं पाणी घालत राहिले. माझी साडी भिजली, घाम डोळ्यांत जात होता, आणि मी कुणाचं तरी आजारपण काढत असल्यासारखी तिथून उठायला तयार नव्हते. मुलगी दारात येऊन उभी राहिली.  तिनं येऊन माझ्या हातातला तांब्या घेतला.

त्यातून वाचली ती थोडीच. काही कार्नेशन आणि ग्लॅडिओलसचा एक दांडा. कार्नेशन म्हणजे चिवट जात, दिसायला नाजूक पण सहजासहजी हार मानत नाही. त्या दिवशी वहिनींचा फोन आला तेव्हा मी कॅमेरा लावलाच नाही, लाईट नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मात्र दाखवावं लागलं. एवढ्या मोठ्या बरणीत ती चार फुलं फार केविलवाणी दिसत होती.

"आता एवढीच राहिलीत," मी म्हटलं.

वहिनींनी नीट पाहिलं. म्हणाल्या, "पुष्कळ टिकली. एवढ्या उन्हात माझ्या हातूनही टिकली नसती. आता टाकून दे."

"टाकवत नाही."

"अगं, फुलं आहेत ती."

मी बरणी जवळ ओढून घेतली. माझ्या मनात काय होतं ते मला सांगता येत नव्हतं. फुलं संपली की वहिनी रोज कशासाठी फोन करणार, असं काहीतरी ते होतं. पण आमच्या वयाला असलं बोलणं शोभत नाही.  पडद्यावर वहिनींच्या मागं नातवाचं खेळणं वाजत होतं, त्यांनी हात लांब करून ते बंद केलं. मग चेहरा फोनच्या अगदी जवळ आणून, घरात कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मला इथं करमत नाही गं."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल माझ्याकडे केलेली ही पहिली तक्रार. दीर गेले तेव्हाही त्या असं काही बोलल्या नव्हत्या. मला म्हणायचं होतं, या परत, वरचा मजला अजून रिकामा आहे, भाडेकरूंना नाही म्हणून सांगते. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मागं नातू "आज्जी, आज्जी" करत होता आणि त्यांचं लक्ष सारखं तिकडं जात होतं, हेही मला दिसत होतं.

"मलाही करमत नाही, वहिनी," एवढंच मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.  मग त्या म्हणाल्या की खिचडी लावायची आहे, आणि फोन बंद झाला.

शेवटचं कार्नेशन सुकलं तेव्हा मी ते तुळशीच्या कुंडीत घातलं आणि बरणी धुऊन पालथी घातली. मला वाटलं होतं तसं लगेच काही झालं नाही. फोन येत राहिले. पण फुलांबद्दल विचारायचं उरलं नाही, तेव्हा आम्ही दोघी जरा अवघडलो. काय केलंस आज, काही नाही, तुम्ही, मीही काही नाही. जूनमध्ये भाडेकरू आले. नवराबायको आणि एक मुलगा, चांगली माणसं आहेत. ती बाई दुपारी झोपते. नातवाची शाळा सुरू झाली तसा वहिनींचा वेळ त्याला आणायला-सोडायला जाऊ लागला. रोजचा फोन दिवसाआड झाला, मग रविवारचा. यात कुणाची चूक नाही हे मला कळतं. तरीही ती वेळ झाली की माझे कान फोनकडे लागायचे. अजूनही लागतात.

थंडी पडल्यावर एका लग्नाच्या निमित्तानं वहिनी ग्वाल्हेरला आल्या. वर भाडेकरू, म्हणून त्या खाली आमच्याकडेच उतरल्या. मी मुलीच्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलं, नवी चादर काढली. त्या दिवसांत आम्हाला बोलायला फुरसत अशी मिळालीच नाही. लग्नघर, भेटायला येणारी माणसं, त्यांच्या शाळेतल्या बायका. त्यांना पाणी हवं असलं की त्या मला विचारायच्या, "घेऊ का?" या घरात त्यांनी कधी विचारून पाणी घेतलं नव्हतं. मला ते फार लागलं, पण मी तसं दाखवलं नाही. "विचारता काय," एवढं मी म्हणायची आणि स्वतःच उठून द्यायची, म्हणजे त्या आणखीच पाहुण्या व्हायच्या.

जायच्या आदल्या दिवशी पुण्याला न्यायला आमच्याकडची तीळगुळाची गजक हवी म्हणून आम्ही दोघीच दाल बाजारात गेलो. ऊन कोवळं होतं. गाड्या, हमाल, पोती, सगळी नेहमीची गर्दी. वहिनी मला मागं टाकून पुढं चालत होत्या, पूर्वी चालायच्या तशा. एका दुकानाशी थांबून त्यांनी गजक हातात घेतली, मोडून पाहिली आणि दुकानदाराला विचारू लागल्या की तीळ यंदाचे आहेत की मागच्या वर्षीचे, गूळ कुठला, कालची आहे की आजची. दुकानदार म्हातारा होता, त्याला बोलायची हौस होती. तो आपल्या सुनेचं सांगू लागला, त्या आपल्या नातवाचं. बोलणं हिंदीत, आमच्या इकडच्या ठसक्यात, मध्येच त्या त्याला दटावतही होत्या. त्यांचा तो आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. फोनवर तो आवाज येत नाही.

गजक बांधून झाली, पैसे देऊन झाले, तरी त्या हलेनात. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "तिकडे सगळं मराठीच. इतके महिने कुणाशी असं हिंदीत भांडायला मिळालं नाही बघ."

"घाई नाही," मी म्हटलं. "बोला तुम्ही."

त्या पुन्हा दुकानदाराकडे वळल्या आणि रेवडीचा भाव विचारू लागल्या. आम्हाला रेवडी घ्यायची नव्हती. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि शेजारच्या दुकानाच्या सावलीला जाऊन उभी राहिले.